स्ट्रॉबेरी-टकीला बिघडली कुठं?

राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आलाय. येत्या रविवारी त्यांच्या मिस्टरांचा चाळिसावा वाढदिवस आहे, घरी आठ जण येणार, जेवायला तांबडा-पांढरा ठरलेला. त्याआधी ताज्या स्ट्रॉबेरीचं टकीला कॉकटेल द्यायचं म्हणून त्यांनी परवा रंगीत तालीम केली. स्ट्रॉबेरी, सोनेरी टकीला, बाटलीतला स्ट्रॉबेरी क्रश, सकाळी पिळून ठेवलेलं लिंबू आणि फ्रिजमधला बर्फ, सगळं एकदम मिक्सरला लावलं. त्या लिहितात, "वर गुलाबी फेस, खाली पाणी आणि घशाशी कडवट. चूक कुठं झाली? प्रमाण काय घ्यायचं? ट्रिपल सेक, म्हणजे ती संत्र्याच्या वासाची गोड दारू, मिळत नाही, त्याचं काय? आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम संपला की दुसरं कुठलं फळ चालेल?"

ताई, कडवटपणापासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्याच्या मागोमाग येतं.

स्ट्रॉबेरीच्या अंगावर ते पिवळसर दाणे असतात ना, ते मिक्सरच्या पात्यात भरडले जातात आणि तुरट-कडू उतरतात. (वनस्पतिशास्त्रवाले म्हणतात ते दाणे म्हणजेच खरं फळ. म्हणू देत.) दुसरी गोष्ट लिंबाची. पिळलेला लिंबूरस ताजा असताना खणखणीत आंबट असतो, पण तासातासानं त्यात कडूपणा वाढत जातो. तीन-चार तासांपर्यंत तो चालवून घेता येतो. सकाळी पिळलेला रात्री वापरायचा नाही. तिसरं म्हणजे शेवटचा थेंब निघेपर्यंत लिंबू चेपायची आपली सवय. सालीखालचा पांढरा गर त्या शेवटच्या चार थेंबांत येतो. फोड एकदा पिळली की टाकून द्या, नाहीतर लोणच्यात ढकला.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बारमागं मला बावीस वर्षं झाली. सुरुवात गोव्यात झाली, मग पुणं केलं, आता कोल्हापुरात आहे. गोव्यातल्या एका हॉटेलात लग्नाच्या आदल्या रात्रीचा कार्यक्रम होता, साठ पाहुणे. रात्री घाई नको म्हणून मी शहाणपणा केला आणि सकाळी दहालाच तीन लिटर लिंबाचा रस काढून फ्रिजमध्ये ठेवला. रात्री नऊच्या सुमाराला ग्लास परत यायला लागले, तेही निम्मे भरलेले. मी साखर वाढवत गेलो, तसं ते गोड-कडू होत गेलं, काढ्यासारखं. शेवटी स्वयंपाकघरातली दोन पोरं लिंबं कापायला बसवली आणि ते तीन लिटर मोरीत ओतले. त्या दिवसापासून लिंबू शेवटी.

फेस झाला तो हवेमुळं. मिक्सर फळात हवा कोंबतो आणि स्ट्रॉबेरीतलं पेक्टिन ती हवा धरून ठेवतं. त्यामुळं गर वर तरंगतो आणि पाणी खाली बसतं. आता हे पाणी आलं कुठून? फ्रिजमधल्या त्या बारक्या, बाहेरून ओल्या झालेल्या बर्फातून. पात्यानं त्याचा भुगा झाला आणि ग्लासात पोचेपर्यंत निम्मा वितळला. यूट्यूबवर दाखवतात ते बर्फाळ पेय हा निराळा प्रकार आहे, त्याचं गणितच वेगळं. 1971 साली अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मारियानो मार्टिनेझ या हॉटेलवाल्याचं हेच दुखणं होतं. मिक्सरमधली मार्गारीटा, म्हणजे टकीला-लिंबाचं कॉकटेल, दर खेपेला वेगळीच व्हायची. त्यानं शेवटी सॉफ्टी आइस्क्रीमचं मशीन घेऊन त्यात मार्गारीटा फिरवली. ते मशीन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्याकडं सॉफ्टीचं मशीन नाही, म्हणून मिक्सर आज कपाटात राहू दे.

क्रशची बाटलीही नको. तो साखर, रंग आणि वासाचा पाक आहे. ताजं फळ घालून वर क्रश ओतला की फळाची चव त्याखाली दबते, मग ताजं फळ आणलं कशाला?

आता मुद्द्याचं. मला प्रमाण विचारणारे पुष्कळ भेटतात, पण फळ कसं आहे हे कुणी सांगत नाही. साखर किती आणि लिंबू किती, हे त्या दिवशीची स्ट्रॉबेरी ठरवते. महाबळेश्वर-पाचगणीचा माल आपल्याकडं डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत येतो आणि त्या चार महिन्यांत त्याची चव चार वेळा बदलते. जातही वेगवेगळी असते. स्वीट चार्ली मऊ आणि गोड, विंटर डॉन टणक आणि आंबटाकडं झुकणारी. विकणारा जात सांगेलच असं नाही. तुम्ही एवढं करा: डबा घेताना तो उलटा करून खालचा थर बघा. वर लालभडक मांडलेल्या असतात आणि खाली पांढऱ्या खांद्याच्या. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. आंबा पेंढ्यात घालून पिकतो, ही नाही. चार दिवस ठेवली तर लाल दिसेल, मऊ पडेल, पण गोड होणार नाही. जी आज पांढरी आहे ती रविवारीही तितकीच फिकी लागणार.

घरी आणली की दोन-तीन फळं वेगवेगळ्या जागची उचलून कापा आणि खा. नुसतं टोक खाऊ नका, टोक नेहमीच गोड असतं. देठाकडचा भाग चावा. तोंड वाकडं झालं तर साखर जास्त लागणार आणि लिंबू कमी. नुसतीच गोड आणि पाणचट लागली तर लिंबू वाढवायचं. वासच नसेल, तर ताई, त्या दिवशी सरळ मिल्कशेक करा आणि कॉकटेल दुसऱ्या फळाचं करा.

आठ ग्लासांना अर्धा किलो स्ट्रॉबेरी घ्या, म्हणजे अडीचशे ग्रॅमचे दोन डबे. देठासकट धुवा, पंचावर पसरून कोरड्या करा आणि मगच देठ काढा. आधी देठ काढून धुतल्या तर भोकातून पाणी आत शिरतं. प्रत्येकीचे चार तुकडे करा, त्यावर 100 ग्रॅम साखर आणि दोन चिमटी मीठ भुरभुरा, हलक्या हातानं कालवा आणि झाकून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. आंबट फळ असेल तर साखर 120 ग्रॅम, फार गोड असेल तर 80. गॅसवर चढवायचं नाही. शिजवलं की तो जॅम होतो, ताजेपणाचा वास उडून जातो. साखर स्वतःच फळातलं पाणी बाहेर ओढते. दोन तासांनी झाकण काढाल तेव्हा तुकडे आक्रसून मऊ पडलेले असतील आणि भांड्याच्या तळाशी माणकासारखा लाल रस जमलेला असेल. त्यात बोट बुडवून चाटा. सगळी चव तिथंच कळते.

हे मऊ पडलेलं फळ पुरणयंत्रातून काढा. खरंच सांगतोय. मी पुण्यात असताना परदेशी गाळण्यांवर पैसे घातले आणि कोल्हापूरला आल्यावर आईच्या पुरणयंत्रानं ते काम जास्त सफाईनं केलं. पात्यासारखं चिरत नाही, नुसतं दाबतं. बारके दाणे त्यातून निसटतात, म्हणून मग चहाच्या गाळणीतून चमच्यानं दाबून एकदा गाळा. गाळणीत चमचाभर दाणे आणि चोथा राहील, तो रगडत बसू नका. साधारण साडेचारशे मिली दाट रस निघतो. खलबत्ता मात्र कटाक्षानं टाळा. कोल्हापुरातल्या कुठल्याही घरच्या खलबत्त्याला लसूण-खोबऱ्याचा वास असतो आणि तो कितीही घासला तरी जात नाही.

एका ग्लासाला टकीला 60 मिली, हा स्ट्रॉबेरीचा रस 55 मिली, ताजं लिंबू 20 मिली. मधल्या आकाराच्या कागदी लिंबातून 15 ते 20 मिली निघतो, म्हणजे माणशी एक लिंबू धरून चाला आणि दोन-तीन जादा ठेवा. मापाचा पेला नसेल तर खोकल्याच्या औषधावरचं खुणा असलेलं टोपण स्वच्छ धुऊन वापरा, त्यावर 5, 10, 15 असं लिहिलेलंच असतं. नजरेनं ओतू नका. माझाही हात बावीस वर्षांनी चुकतो.

पहिला ग्लास हा चव घ्यायचा ग्लास. तो पाहुण्याला देऊ नका. आणि चव घ्यायची ती बर्फात घुसळून झाल्यावर. थंडगार झालं की गोडी जिभेला कमी लागते. त्यामुळं साधं असताना जे किंचित जास्त गोड वाटतं, ते थंड झाल्यावर बरोबर बसतं. आंबट पुढं आलं तर अर्धा चमचा साखरेचा पाक घाला, गोड जड वाटलं तर 5 मिली लिंबू. दोन्ही ठीक असूनही चव सपाट वाटली तर मीठ कमी पडलंय. चिमटीची चिमटी. मिठानं कडूपणा दबतो आणि फळ वर येतं. पेरूवर आपण तिखट-मीठ टाकतो ते उगाच नाही. एकदा एका ग्लासात प्रमाण जमलं, की त्या रात्री बाकीच्या सगळ्या ग्लासांना तेच.

बर्फावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घरची कॉकटेलं इथंच मार खातात. घुसळताना बर्फाचं जे पाणी होतं, ते चुकून आलेलं नसतं, पाककृतीतच धरलेलं असतं. वर दिलेल्या मापाचं पेय 135 मिलीच्या आसपास भरतं. बारा-पंधरा सेकंद नीट घुसळलं की ते 170 च्या घरात जातं. हे 35 मिली पाणी टकीलाची धार बोथट करतं. त्याहून जास्त गेलं की तुमच्या तालमीसारखं पाणचट. म्हणून बर्फ मोठा, कडक आणि कोरडा हवा. पाणी उकळून निववा, स्टीलच्या वाट्यांत किंवा मफिनच्या साच्यात भरून आदल्या रात्री लावा आणि अगदी वापरायच्या वेळी बाहेर काढा. झाकून ठेवा हं. पन्हाळ्याच्या रस्त्यावर एका फार्महाउसवर मी बार लावला होता, बर्फ घरमालकांच्या फ्रीजरमधला. त्याच फ्रीजरमध्ये पाहुण्यांनी मालवणहून आणलेले सुके बोंबील होते, पिशवीचं तोंड उघडं. पहिल्याच ग्लासाला एका काकूंनी नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "ह्यात मासं घातलंय काय?" नशीब, वाटेत बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून बाहेर पोत्यात ठेवली होती. ती धुऊन, हातोड्यानं फोडून वेळ मारून नेली.

शेकर नसेल तर फिरकीच्या झाकणाची, रुंद तोंडाची स्टीलची पाण्याची बाटली घ्या. थर्मास नको, साधी एकेरी पत्र्याची. काचेची बरणी अजिबात नको, बर्फ आतून आपटून ती तडकते. दोन ग्लासांचं सामान एकदम घाला, तोंडापर्यंत बर्फ भरा, झाकण घट्ट, आणि खांद्याजवळ धरून लांब हात मारा. सुरुवातीला आवाज खणखण येतो, दगड आपटल्यासारखा. आठ-दहा सेकंदांनी तो भरीव, मऊ होतो. बाटलीच्या अंगावर आधी घाम येतो, मग पांढरी बुरशी चढल्यासारखं दव धरतं आणि बोटं चिकटायला लागतात. तिथं थांबायचं. लगेच चहाच्या गाळणीतून ग्लासात ओता. ग्लासात घालायचा बर्फ ताजा. घुसळलेला उष्टा बर्फ त्यात टाकू नका, तो अर्धा विरघळलेलाच असतो.

टकीलाचं बघू. तुमची सोनेरी बाटली वाईट आहे असं नाही, पण लेबल वाचा. टकीला निळ्या अगाव्ही या झाडापासून होते, मुख्यतः मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात आणि आणखी चार राज्यांच्या काही भागांत. बाहेर कुठंही केली तर तिला टकीला म्हणता येत नाही. कायद्यानं तिच्यात निदान 51 टक्के साखर अगाव्हीची असावी लागते, उरलेली उसाची वगैरे चालते. पूर्ण अगाव्हीची असेल तर लेबलावर तसं शंभर टक्के म्हणून छापलेलं असतं. स्वस्तातल्या सोनेरीचा रंग पुष्कळदा कॅरॅमलचा असतो, लाकडी पिंपात मुरल्याचा नाही. खरी मुरवलेली रेपोसादो, म्हणजे पिंपात दोन महिने ते वर्षभर ठेवलेली, ती चांगली असते. पण स्ट्रॉबेरीबरोबर मी पांढरी, ब्लँको म्हणतात ती घेतो. लाकडाचा वास फळाच्या अंगावर बसतो. अन्येहो तर फळात घालूच नका, वर्षावर मुरलेली दारू लिंबात बुडवायची म्हणजे शालूचा पोछा करण्यासारखं आहे.

जाता जाता. अगाव्ही म्हणजे आपलं घायपात, त्याच कुळातलं. शेताच्या बांधावर करवतीसारख्या कडांचं उभं असतं, ज्याच्या वाखाचे दोर वळायचे. ते मूळचं अमेरिकेकडचं, मिरचीसारखंच. मिरची पोर्तुगिजांनी आणली म्हणतात आणि आता तिच्याशिवाय आपला रस्सा होत नाही. पण म्हणून कुणी बांधावरचं घायपात कापून घरी टकीला करायला जाऊ नका. मागं एका उत्साही भावानं मला तसं विचारलं होतं. आपलं घायपात त्या निळ्या जातीचं नाही. कच्च्या पानाच्या रसानं अंगाला खाज सुटते, त्यातले बारीक सुईसारखे कण कातडीत शिरतात. मेक्सिकोत सहा-आठ वर्षं वाढलेल्या झाडाचा मधला गड्डा भाजून, आंबवून, मग ती गाळतात. शिवाय घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे, तो वेगळाच.

ट्रिपल सेक नाही म्हणून अडायचं कारण नाही. सॅन फ्रान्सिस्कोत 1990 च्या सुमाराला हुलिओ बेरमेहो यांनी ते सरळ काढून टाकलं आणि टकीला, लिंबू आणि अगाव्हीचा पाक एवढ्यावर मार्गारीटा केली. आता ती जगभर टॉमीज मार्गारीटा म्हणून चालते. तुम्हाला संत्र्याचा वास हवाच असेल तर एका संत्र्याची साल पांढरा भाग न घेता बारीक किसा, त्या 100 ग्रॅम साखरेत बोटांनी चोळा, साखर ओलसर आणि नारिंगी झाली की तीच साखर स्ट्रॉबेरीवर घाला. पण मी आधी संत्र्याशिवाय करून बघेन. चांगल्या स्ट्रॉबेरीला सोबत लागत नाही.

ग्लासाच्या कडेला मीठ लावायचं तर निम्म्याच कडेला लावा, म्हणजे ज्याला नको तो दुसऱ्या बाजूनं पिईल. जाडं मीठ तीन भाग, संकेश्वरी मिरचीची पूड एक भाग. गडहिंग्लज बाजूची संकेश्वरी असेल तर रंगही येतो आणि झणका पण. लिंबाची फोड कडेवरून बाहेरच्या बाजूनं फिरवा, मग मिठात टेकवा, आत मीठ पडता कामा नये. आणि आता हात जोडून विनंती: कांदा-लसूण मसाला लावू नका. दरवेळी कोल्हापुरात कुणीतरी म्हणतंच, "भावा, आपला मसाला लाव की, नाद खुळा हुईल." मी एकदा लावला. पहिला घोट मटणाच्या रश्श्यासारखा लागला आणि दुसरा घोट कुणी घेतला नाही. त्यातलं तेल आणि लसूण लिंबाबरोबर बसत नाही.

रविवारसाठी एवढं करा. स्ट्रॉबेरी दुपारी मुरायला घाला, संध्याकाळी सहाला गाळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. लिंबू पाहुणे यायच्या अर्धा-पाऊण तास आधी पिळा. ग्लासही फ्रीजरमध्ये ठेवा, जागा असेल तर. पाहुणे आले की दोन-दोन ग्लासांचं घुसळा, आठ जणांना दहा मिनिटांत होतं. कुणी म्हणेल आधीच सगळं एका जगमध्ये करून ठेवू. चालतं, पण मग घुसळण्याऐवजी त्यात मोजून अडीचशे मिली गार पाणी घालायचं, जग फ्रिजमध्ये तासभर थंड करायचा आणि बर्फावर ओतायचं. चव नव्वद टक्के तीच, जोश जरा कमी. पुढं तांबडा-पांढरा आहे, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर 60 ऐवजी 45 मिली टकीला घातली असती. 60 मिलीच्या ग्लासात पेय साधारण 14 टक्क्यांचं होतं, वाइनपेक्षा चढं, पण गोड-आंबट असल्यानं सरबतासारखं जातं आणि दुसरा ग्लास कधी संपला कळत नाही. 45 ला ते 11-12 वर येतं. न पिणाऱ्यांना हाच रस, लिंबू, बर्फ आणि वर गोटी सोडा. घरच्या मोठ्या माणसांना तोच आवडतो आणि कधीकधी पिणारेही दुसऱ्या फेरीला तोच मागतात.

हंगाम संपल्यावरचं तुम्ही विचारलंय. मला तर स्ट्रॉबेरीपेक्षा तोच भाग जास्त आवडतो. एप्रिल-मेमध्ये शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीकडच्या मावश्या पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन कपिलतीर्थ मंडईच्या बाजूला बसतात. डोंगरची काळी मैना. पूर्ण काळी, दाबल्यावर मऊ लागणारीच घ्या. लालसर असली की चीक फार, ओठ चिकटतात. कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली की चीक बराच सुटतो. मग पाणी काढून टाका आणि हातानं चुरगाळून बिया काढा. करवंद मुळातच आंबट, म्हणून लिंबू 20 चं 10 मिली करा. आणि गोडीला साखर नको, काकवी घ्या. गुऱ्हाळावरची घट्ट काकवी तितक्याच गरम पाण्यात ढवळून पातळ करायची आणि निववून ग्लासाला 20 मिली घालायची. काकवीचा तो धुरकट, मातीचा वास आणि टकीलाचा भाजलेल्या अगाव्हीचा वास एकमेकांना ओळखीचे असल्यासारखे भेटतात. इथं मात्र रेपोसादो वापरा. ही काकवी स्ट्रॉबेरीत घालाल तर रंग चिखल होईल आणि फळाचा वास मरेल.

तुती मिळाली तर, रेशमाच्या शेतीमुळं आपल्या जिल्ह्यात ती आहे, तिला आंबटपणाच नसतो. तिला लिंबू 25 मिली आणि साखर निम्मी. जांभळाचा ग्लास दिसतो देखणा, पण तुरटपणा जात नाही. मीठ वाढवलं तरी मला तो कधी मनासारखा जमला नाही. जांभूळ तोंडात, टकीला ग्लासात, वेगवेगळंच बरं.

एक राहिलं. महाराष्ट्रात बिअर-वाइन सोडून बाकीच्या मद्याला वयाची 25 वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्याचा परवाना लागतो, घरी प्यायलं तरी. परवाना दुकानात बाटली घेताना करून मिळतो. आणि चारचाकीनं येणाऱ्यांना चावी दारातच काढून ठेवायला सांगा.

उरलेल्या स्ट्रॉबेरी रसाचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण उरतोच. दारू आणि लिंबू न घातलेला रस फ्रिजमध्ये तीन दिवस राहतो. बर्फाच्या साच्यात ओतून गोठवला तर महिनाभर, आणि ते लाल खडे पुढच्या वेळी घुसळताना बर्फाबरोबर दोन-दोन टाकता येतात. टकीलाची उघडलेली बाटली टोपण घट्ट लावून अंधाऱ्या कपाटात उभी ठेवा, काही महिने तिला काही होत नाही. गाळणीतला चोथा टाकू नका, सोमवारी सकाळी पोरांच्या श्रीखंडात घाला.